जुन्या कचेरीचे साल : एका दगडी इमारतीच्या शोधाच्या नोंदी

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात शिरल्यावर डाव्या हाताला काळ्या दगडाची जी बैठी, कौलारू इमारत लागते, तिला आजूबाजूची जुनी माणसे आणि आमचे विद्यार्थी सारखेच ‘जुनी कचेरी’ म्हणतात. सध्या तिच्यात ग्रंथालयाची अभ्यासिका आहे. गेल्या पावसाळ्यात छत सहा ठिकाणी गळले. तेव्हा व्यवस्थापनाने दुरुस्तीचा खर्च मंजूर केला आणि त्याच बैठकीत दर्शनी भिंतीवर इमारतीच्या इतिहासाचा एक फलक लावावा, असेही ठरले. मजकूर तयार करण्याचे काम प्राचार्यांनी इतिहास विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे सोपवले आहे. मदतीला बी. ए. भाग तीनचे सहा विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी हा गुणांचा प्रकल्प आहे, त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या कामाची नोंद ठेवण्याची अट मी त्यांना आणि स्वतःलाही घातली आहे.

माहितीपुस्तिकेत दरवर्षी एक वाक्य छापले जाते : ‘इंग्रजी अमदानीत १८६५ साली कचेरीसाठी बांधलेली ऐतिहासिक वास्तू.’ या वाक्याला आधार कोणता, हे आजवर कोणी विचारलेले नाही आणि मीही गेली अकरा वर्षे ते वाचून पुढचे पान उलटत आले आहे. वाक्य अशक्य कोटीतले नाही. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि त्यानंतर इंग्रजांनी येथे कचेऱ्या व बंगले उभारले, हे खरेच आहे. तथापि शक्य असणे आणि घडलेले असणे यांत जे अंतर असते, तेच मोजण्याचे हे काम आहे.

आजच काम सुरू करण्यामागे एक निमित्तही आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. दाखल-रजिस्टरातली ती एक ओळ टिकली, म्हणून आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगितले की आपल्यालाही अशीच एखादी ओळ शोधायची आहे, आणि ती भिंतीवर नसून बहुधा एखाद्या वहीत असेल.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

दिवसभर मोजमाप केले. इमारत बाहेरून ६४ फूट लांब आणि २२ फूट रुंद आहे, भिंतींची जाडी पावणेदोन फूट आहे आणि जोते पुढच्या बाजूला तीन पायऱ्यांइतके उंच आहे. दर्शनी भिंतीत पाच कमानी आहेत. प्रत्येक कमानीचे दगड घडीव असून कळीचा दगड किंचित पुढे काढलेला आहे. पुढून पाहिले की इमारत रुबाबदार वाटते, यात शंका नाही.

मागे गेलो आणि चित्र पालटले. उत्तरेकडची भिंत खांडकी दगडाची आहे, तिचे थर एका पातळीत नाहीत, दरजा कोठे बोटभर तर कोठे चार बोटे रुंद आहेत, आणि मध्यावर भिंतीला पोट आले आहे. आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याचे वडील गवंडी आहेत. त्याने ओळंबा सोडून पाहिला, थोडा वेळ हात फिरवला आणि म्हणाला, “मॅडम, पुढची भिंत आणि ही भिंत एका हातची नाही. हिच्यात आरपार जाणारे लांब दगड घातलेलेच नाहीत, म्हणून आतला आणि बाहेरचा पदर सुटलाय.” दगडी भिंतीचे दोन पदर ठरावीक अंतरावर असे लांब दगड घालून एकमेकांना बांधावे लागतात; ते विसरले की काही वर्षांनी पोट येणारच. सरकारी बांधकाम खात्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या इमारतीत अशी चूक पाठीच्या अख्ख्या भिंतीभर राहील, हे मला पटेना. संशयाची पहिली नोंद येथे करून ठेवते.

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

मधला आठवडा निवडणुकीच्या कामात गेला. २० तारखेला मतदान होते, मला आणि आणखी तिघा प्राध्यापकांना केंद्रावर नेमले होते, आणि अभ्यासिकेतच एक मतदान केंद्र असल्यामुळे आमच्या खुणेच्या दोऱ्याही काढाव्या लागल्या.

आज कंत्राटदाराचा माणूस शिडी घेऊन आला आणि पश्चिमेकडच्या टोकाची काही कौले उतरवली. पहिलेच कौल उलटे केल्यावर १८६५ चे कोडे सुटले. कोणी आधी वर चढून पाहिले असते, तर ते तीस वर्षांपूर्वीच सुटले असते. कौलाच्या पोटावर इंग्रजी ठळक अक्षरांत बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे नाव उठवलेले आहे आणि त्याखाली १८६५ हा आकडा आहे. पाच कौले उतरवली, पाचहीवर तोच आकडा. पंचवीस उतरवली, पंचवीसांवर तोच.

हा आकडा इमारतीच्या सालाचा नाही, इतकेच काय, त्या कौलाच्या सालाचाही नाही. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला. तेथील चिकणमाती, यंत्राने दाबलेला साचा आणि एकात एक अडकणाऱ्या कडा यांमुळे ही कौले घरगुती नळीच्या कौलांपेक्षा हलकी पडत आणि वाऱ्याला दाद देत नसत, म्हणून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. आपण आजही सरसकट ‘मंगलोरी कौले’ म्हणतो, ती हीच. स्थापनेचे साल कारखान्याने आपल्या नावाबरोबर शिक्क्यातच घेतले होते. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना अमुक साली’ लिहितात, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी कधीतरी कोणी छताची डागडुजी करताना तो आकडा वाचला असेल, खाली येऊन सांगितला असेल आणि पुढे तो छापला गेला असेल.

पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने मिशनच्या हातून गेले आणि कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले. म्हणजे बासेल मिशनच्या नावाची कौले बहुधा त्याआधीची, असे धरता येते. एका विद्यार्थिनीने लगेच विचारले की मग इमारतही त्याआधीची असेल ना. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कौलांखालच्या लाकडात आहे, असे सुताराचे म्हणणे पडले.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

छताखाली एकूण ११ तुळया आहेत, सगळ्या सागवानी. त्यांपैकी दोन साध्या, कोऱ्या. उरलेल्या ९ तुळयांच्या अंगावर अशी भोके आणि खाचा आहेत, ज्यांत आज काहीच बसलेले नाही : कोठे खांबाचे टोक अडकवण्याचे चौकोनी भोक रिकामे आहे, कोठे कड्याची गंजलेली आकडी उरली आहे, एका तुळईच्या खालच्या अंगाला तर कोरीव वेलबुट्टी आहे आणि ती अर्ध्यातच कापली गेली आहे. झोपाळ्याच्या कड्यांची जागा सुताराने बोट ठेवून दाखवली. ही लाकडे पूर्वी दुसऱ्या कोणत्यातरी घरात होती. तेथून काढून, लांबी कमी करून ती येथे चढवली आहेत. लाकूड जुने आणि इमारत नवी असू शकते, तर कौलांनाही तोच न्याय लागतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, तिचा अर्थ आज लावत नाही. ९ पैकी ४ तुळयांची टोके जळलेली आहेत. वरून चुन्याचा हात दिलेला असल्यामुळे खालून ते दिसत नाही. चुना खरवडल्यावर काळा कोळसा हाताला लागला. सुताराने पटाशीने टवका काढला, तर अर्ध्या इंचाच्या आत लाकूड पिवळेधमक निघाले. जाड सागवान जळताना बाहेर कोळशाचा थर धरते आणि तो थरच आतल्या लाकडाला आगीपासून राखतो, असे त्याने सांगितले, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. या इमारतीला आग लागली असती, तर रिपा आणि वासे आधी गेले असते. ते जसेच्या तसे आहेत. आग लागली ती दुसरीकडे.

११ डिसेंबर २०२४, बुधवार

पश्चिमेच्या भिंतीवर आढ्यापासून खिडकीपर्यंत एक तिरका तडा उतरलेला आहे. १९६७ मध्ये याच तारखेला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगर बहुतांश जमीनदोस्त झाले. तो तडा भूकंपाचा आहे, हे येथे सर्वांना ठाऊक आहे आणि या एका बाबतीत लोकांची आठवण तंतोतंत खरी निघाली. तड्यावर आडव्या चिकटवलेल्या तीन काचपट्ट्या रंगाखाली सापडल्या. तडा अजून रुंदावत आहे की थांबला, हे पाहण्यासाठी अभियंते अशा पट्ट्या बसवतात. भिंत हलली की काच तडकते. तिन्ही पट्ट्या अभंग आहेत. सत्तावन्न वर्षे हा तडा जागचा हललेला नाही. व्यवस्थापनातील ज्या सदस्यांना इमारत धोकादायक ठरवून पाडावी असे अधूनमधून वाटते, त्यांच्यासाठी पट्ट्यांचे छायाचित्र प्राचार्यांकडे स्वतंत्र पाठवले.

कामाची गोष्ट वेगळीच हाती लागली. तडा सिमेंटने बुजवलेला आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंची मूळची जुळणी चुन्यात आहे. चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळलेली दिसते. सिमेंट भरलेल्या पट्ट्यालगतच्या दगडांचे पापुद्रे सुटत आहेत. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवून ठेवते आणि मग ती ओल दगडाच्या तोंडातून वाट काढते. नवी दुरुस्ती चुन्यातच व्हावी, असे पत्र कंत्राटदाराला द्यायला हवे. चुना दळण्याची घाणी आता कोठे मिळणार, असे तो विचारील, याचीही खात्री आहे.

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार

जिल्ह्याच्या अभिलेखांत इमारतीची नोंद शोधण्यासाठी दोन विद्यार्थ्यांना पाठवले होते. एका कार्यालयात त्यांना तिसऱ्या खेपेला ‘साहेब रजेवर आहेत’ असे सांगण्यात आले. सहामाही परीक्षा तोंडावर आहेत, त्यामुळे सध्या येथेच थांबतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

शोधायची ती ओळ आवारातच होती. क्रीडा विभागाच्या कोठीत, कबड्डीच्या जुन्या मॅटखाली, एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात आमच्या संस्थेच्या आरंभीच्या वसतिगृहाची कागदपत्रे आहेत, असे सेवानिवृत्त शिपाई तात्यांनी सांगितले. महाविद्यालय फार नंतर आले. त्याआधी या जागेवर गरीब मुलांचे बोर्डिंग होते. कुलपाची चावी कोणाकडेच नव्हती. तात्यांनी कडीच उचकटली आणि वर म्हणाले, “बाई, सही कुठं करू ते सांगा.”

पेटीत एक कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, एक खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, पावत्यांची तीन पुस्तके आणि सुटे कागद निघाले. कीर्दीची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि नेमके साल त्याच पानांबरोबर गेले आहे. पुढच्या पानांवर केवळ महिना, तिथी आणि वार आहेत. तरीही कालखंड आवळता आला. तो कसा, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडले, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला धागा एका सुट्या पत्रावरच्या शिक्क्याचा. दगड वाहण्यासाठी गाड्यांना परवानगी देणाऱ्या त्या पत्रावर जिल्ह्याचे नाव ‘उत्तर सातारा’ असे आहे. १९४९ मध्ये संस्थानी मुलूख जोडून आणि जुना सातारा जिल्हा विभागून उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले; १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले आणि आपला जिल्हा पुन्हा नुसता सातारा झाला. म्हणजे हा शिक्का केवळ त्या अकरा वर्षांतला असू शकतो. दुसरा धागा पैशाचा. सगळा हिशेब रुपये, आणे आणि पै अशा तीन रकान्यांत आहे : ‘रु. २७-१२-०’ म्हणजे सत्तावीस रुपये बारा आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. लोकांच्या बोलण्यात आणे पुढेही रेंगाळले हे खरे, पण नेटक्या कीर्दीत पैचा रकाना त्यानंतर फार काळ टिकणार नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी आणा पाहिलेला नाही. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे कोष्टक त्यांना फळ्यावर लिहून द्यावे लागले.

तेव्हा १९४९ ते १९५७. इंग्रजांची कचेरी गेली आणि तिच्या जागी स्वातंत्र्यानंतरची इमारत आली, एका दुपारात. गटातल्या एकाने हिरमुसून विचारले, “म्हणजे मॅडम, आपली इमारत जुनी नाहीच?” त्याला तेव्हा उत्तर देणे मी टाळले.

११ जानेवारी २०२५, शनिवार

कीर्दीतली निम्मी पाने मोडीत आहेत. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मोडी वाचून देण्याचे मान्य केले. ते पुण्याच्या एका संस्थेसाठी कागद वाचतात आणि आमच्याकडून चहापलीकडे काही घेत नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि हात न उचलता लिहायचे असल्यामुळे अक्षरे एकमेकांत शिरतात, म्हणून गाव-नावांवर आम्ही फार वेळ अडलो.

पण आजचा खरा लाभ वेगळा आहे. कीर्दीत आषाढ महिना दोनदा येतो. पहिल्या आषाढातली खरेदी एक, दुसऱ्यातली वेगळी; तिथ्या मात्र पुन्हा प्रतिपदेपासून. विद्यार्थ्यांनी ही नकल करताना झालेली चूक असावी, असे टिपून ठेवले होते. गुरुजींनी पान डोळ्यांजवळ नेले, पहिल्या ‘आषाढ’च्या आधीचा ‘अ’ आणि त्यापुढच्या दोन उभ्या रेघा दाखवल्या आणि हसून म्हणाले, “अहो, हा धोंडा आहे! अधिक आषाढ. जावयाला विचारा, तो बरोबर सांगेल.”

अधिक मास साधारणपणे साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि दर वेळी त्याचा महिना बदलतो. जुनी पंचांगे काढून पाहिली. आमच्या कालखंडात अधिक मास तीनच : १९५० मध्ये आषाढ, १९५३ मध्ये वैशाख आणि १९५५ मध्ये भाद्रपद. कालखंड १९६० पर्यंत ताणला तरी त्यात फक्त १९५८ च्या श्रावणाची भर पडते. आषाढ एकच आहे, शके १८७२ चा, म्हणजे १९५० च्या जून-जुलैतला.

मला इतका आनंद यापूर्वी कोणत्या शोधनिबंधाने दिलेला आठवत नाही. वाळवीने साल खाल्ले होते. ते धोंड्याच्या महिन्याने परत दिले.

साल हाती आल्यावर बाकीच्या नोंदी आपोआप बोलू लागल्या. अधिक आषाढात कौलांची खरेदी आहे, ‘जुनी कौले’ असा स्पष्ट शब्द आहे, आणि त्याच आठवड्यात गाडीभाड्याच्या नोंदी एकावर एक आहेत. मृगाचा पाऊस सुरू झालेला असताना छप्पर उघडे पडले असावे, अशी घाई त्यांत दिसते. मात्र वास्तूच्या पूजेचा खर्च त्या महिन्यात नाही. अधिक मासात मंगल कार्य करीत नाहीत, म्हणून तो श्रावणात आहे : सत्यनारायणाचे साहित्य, नारळ, आणि कंदी पेढे दोन शेर. साताऱ्यातली इमारत पेढ्यांशिवाय उभी राहिली असती, तरच नवल होते.

आणि ‘कचेरी’? खतावणीत या इमारतीचे खाते ‘बोर्डिंग कचेरी व कोठी’ या नावाने आहे. बोर्डिंगचा हिशेबनीस पुढच्या खोलीत बसत असे आणि मागे धान्य ठेवीत. नाव तेवढे राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात इंग्रज बसवला.

१९ जानेवारी २०२५, रविवार

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी जाऊन त्या बोर्डिंगात राहिलेल्या आजोबांची भेट घेतली. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, ऐकू कमी येते, पण दगडांविषयी विचारले की स्पष्ट बोलतात. खतावणीतली एक गोष्ट मला त्यांच्याकडून ताडून घ्यायची होती : वडारांच्या मजुरीच्या नोंदी केवळ जोते, कमानी आणि दर्शनी भिंत यांच्यापुरत्या आहेत. उत्तरेच्या भिंतीसाठी एक पैची मजुरी लिहिलेली नाही. भिंत तर उभी आहे.

आजोबांनी प्रश्न पुरता होऊ दिला नाही. “मागली भिंत आमची. वडारानं आमाला दोन दिस शिकीवलं आन् त्यो गेला, त्येचं पैसं संपलं हुतं. मंग आमी पोरांनीच लावली. वाकडी हाय न्हवं?” भिंतीला पोट आले आहे, असे आमच्या गवंड्याच्या मुलाने सांगितल्यावर ते बराच वेळ हसत राहिले. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी मुलांची पाळी असे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून आलेला दगड ते रस्त्यापासून हातोहात आत आणीत. खतावणीत दर रविवारी ‘मुलांस शेंगदाणे-गूळ’ अशी एक नोंद आहे. ती उत्तरेच्या भिंतीची मजुरी होती, हे आता समजते.

हे चित्र साताऱ्याला नवे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आणले, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले. त्या संस्थेशी आमच्या बोर्डिंगचा कागदोपत्री काहीही संबंध नाही आणि फलकावर तसा भास निर्माण होता कामा नये. पण १९५० च्या साताऱ्यात मुलांनी आपल्या शाळेसाठी दगड वाहण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, याचे कारण रयतच्या बोधचिन्हातल्या वडाच्या सावलीतच शोधावे लागते.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

ज्या पानाची मी वाट पाहत होते आणि जे सापडू नये असेही काहीसे वाटत होते, ते आज वाचून झाले. नोंद अशी : ‘जळित वाड्याचे सागवान, तुळया नग ९.’ पुढे गावाचे नाव आणि रक्कम. छतातल्या रिकाम्या भोकांच्या तुळया ९ आहेत, म्हणून ही तीच लाकडे, याबद्दल शंका उरत नाही.

या भागात ‘जळित’ हा शब्द एकाच अर्थाने उच्चारला जातो. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली आणि कोल्हापूर या टापूत गावोगावी ब्राह्मणांची घरे आणि वाडे जाळले गेले. अनेक कुटुंबे शहरांकडे निघून गेली आणि परतली नाहीत. मागे राहिलेल्या जोत्यांवरचे लाकूड, दगड, कौले विकली गेली. त्यातल्याच एका वाड्याच्या तुळया दोन वर्षांनी गरीब मुलांच्या बोर्डिंगवर चढल्या. रीतसर विकत घेऊन, पैसे मोजून चढल्या, हे नोंद सांगते. पैसे कोणाच्या हाती पडले, ते पान सांगत नाही.

गटात आज बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, हे फलकावर कशाला. दुसरी म्हणाली, वेलबुट्टी कोरणारा, ती जाळणारा आणि ती विकत घेऊन वर चढवणारा असे तिघे या तुळईत आहेत, आपण फक्त तिसऱ्याचेच नाव लावणार का. मी गावाचे नाव आमच्या प्रतीतून गाळले आहे. त्या गावात आज राहणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. नोंद मात्र गाळणार नाही.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

फलकाचा मसुदा आज व्यवस्थापनापुढे गेला. तासभर चर्चा १८६५ वरच झाली. साल काढले तर इमारतीचे मोल कमी होईल, जतनासाठी मदत मिळायची असेल तर जुने साल उपयोगी पडेल, आणि इतकी वर्षे छापले ते खोटे होते असे आता कसे सांगायचे, असे तीन आक्षेप आले. मी बासेल मिशनचे कौल सोबत नेले होते. ते टेबलावर उलटे ठेवले आणि मंगळूरच्या कारखान्याची हकीकत सांगितली. एका ज्येष्ठ सदस्यांनी कौल हातात घेऊन आकड्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे मीच सांगितलं होतं बहुतेक. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात वर चढलो होतो.” त्यानंतर विरोध मावळला. त्यांच्या प्रांजळपणाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

मुलांच्या श्रमदानाचा उल्लेख सर्वांना आवडला. जळिताचा कोणालाच नको होता. अखेर ‘पंचक्रोशीतील एका जुन्या वाड्याचे सागवान’ असे शब्द मंजूर झाले. ‘जळित’ शब्द गेला. मी हरकत नोंदवली आणि मग गप्प बसले. फलक रस्त्यावरून वाचला जाणार आहे आणि त्याच्या दोन ओळींत तो शब्द समजावून सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. समजावून सांगता येत नाही म्हणून तो वगळावा, हे मान्य नाही. प्रकल्पाच्या बांधीव प्रतीत कीर्दीचे ते पान मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही रूपांत छापले आहे. ती प्रत ग्रंथालयात, म्हणजे त्याच तुळयांखाली, राहील.

८ मार्च २०२५, शनिवार

दुरुस्ती सुरू झाली. कंत्राटदाराने चुन्याची घाणी मिळत नसल्याचे सांगितलेच. पण वाईकडच्या एका मंदिराच्या कामावरचे गवंडी तयार झाले आणि आवाराच्या कोपऱ्यात खड्डा करून चुना विरवायला घातला आहे. विद्यार्थ्यांना त्याच्याजवळ जाऊ देत नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की ते उकळते आणि अंगावर उडाले तर भाजते. तड्यातले सिमेंट छिन्नीने काढायला दोन दिवस लागले. काचपट्ट्यांपैकी एक जागच्या जागी ठेवली आहे.

उत्तरेच्या भिंतीचे काय करावे, यावर गवंड्यांचे दोन तट पडले. एकाच्या मते मधला भाग उतरवून लांब दगड घालून पुन्हा लावावा. दुसऱ्याच्या मते पोट जुने आहे, ओळंब्याच्या नोव्हेंबरमधल्या आणि आजच्या मापात फरक नाही, तेव्हा आरपार भोके पाडून पोलादी गजांनी दोन्ही पदर शिवावेत आणि दगड हलवू नयेत. अभियंत्यांनी दुसरा उपाय मान्य केला. वाकडी भिंत वाकडीच राहणार आहे.

जळकी टोके सुताराने घासली नाहीत. आत भिंतीत टेकणारा भाग पक्का असल्याचे पाहून त्याने त्यांवर फक्त जवसाचे तेल दिले. फुटक्या कौलांपैकी एक विद्यार्थिनीने धुऊन ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात ठेवले आणि शेजारी चिठ्ठी लावली : ‘हे साल कारखान्याचे आहे.’ माहितीपुस्तिकेतले वाक्य बदलण्याचे पत्र छपाईकडे गेले आहे, परंतु यंदाच्या प्रती आधीच छापून आल्या आहेत आणि त्यांत १८६५ तसेच आहे. पुढच्या सोमवारपासून परीक्षा आहेत. चुन्याच्या दरजांवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याची पाळी सहा जणांनी आपसांत वाटून घेतली आहे आणि यादी कोठीच्या दारावर लावली आहे.